तुम्ही विचारलंत म्हणून: पित्ताशय काढलंय, तरी भरतावर तेल कसं?

हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, शाळेत डबा उघडला की एकच प्रश्न: "मॅडम, पित्ताशय काढलंय ना तुमचं? मग भरतावर एवढं तेल कसं चालतं?" दर वेळी "चालतं हो" म्हणून मी विषय मिटवते. आज नीट सांगते, म्हणजे निदान माझ्या ताटाकडे तसं बघणं तरी थांबेल.

तेलानंच मला आजारी पाडलं असं तुम्ही सगळे धरून चालता. त्याआधीचे महिने कोणी विचारत नाही.

शुगर काठावर आली म्हणून मी तेल बंद केलं. कमी नाही, बंद. शेंगदाणे घरातून गेले, भाजी नुसती पाण्यात शिजायची, कळण्याच्या भाकरीबरोबर कोरडा ठेचा. 4 महिन्यांत 18 किलो उतरले. कौतुक तुम्हीच केलंत. अकराच्या तासाला फळ्यापाशी उभी असताना पोटात खड्डा पडायचा. त्याला मी निग्रह म्हणायचे.

मग पौषात शेतावर भरीत झालं. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. साल काळं पडून फाटलं की आतून पाणी सुटून चर्र आवाज यायचा. जाऊबाईंनी बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरची, लसूण आणि वांगी ठेचली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणा तेलाची धार. मी दोनदा मागून घेतलं.

रात्री एकला उजव्या बरगडीखाली कळ आली. कोणीतरी आत मूठ घालून पिळतंय आणि ती पिळणूक मागे फऱ्यापर्यंत चाललीय, अशी. बसवेना, निजवेना. तीनदा ओकले. पहिल्या दवाखान्यात अ‍ॅसिडिटी म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पहाटे पुन्हा तीच कळ. ह्यांनी शेजारची गाडी मागून आणली. सावद्याहून भुसावळला जाईपर्यंत रस्त्याचा एकेक खड्डा मी मोजला असेल. सासूबाई पाठ चोळत सारख्या म्हणत होत्या, "तेल बाधलं माय, तेल बाधलं." सोनोग्राफीत खडे दिसले, एक पित्ताशयाच्या मानेत अडकलेला. तिसऱ्या दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.

सर्जननी विचारलं, "मधल्या काळात जेवण काय होतं?" मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "म्हणजे पित्ताशयाला निरोपच मिळत नव्हता."

20 वर्षं मी जीवशास्त्र शिकवते. 'पित्ताशय पित्त साठवते' हे वाक्य किती वर्गांना लिहून दिलं असेल. ते पित्त कोणाच्या सांगण्यावरून बाहेर पडतं, हे एकदाही बोलले नाही. लहान आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या काही पेशी असतात, शंभरात 1 सुद्धा नाही. तेल पचून सुटलेली लांब साखळीची मेदाम्लं त्यांना लागली की त्या कोलेसिस्टोकायनिन सोडतात. 1928 साली आयव्ही आणि ओल्डबर्ग या शास्त्रज्ञांनी हे संप्रेरक ओळखलं, तेच मुळी पित्ताशय आकसतं यावरून. तेच जठराला सावकाश रिकामं व्हायला लावतं आणि पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस चेतेमार्फत मेंदूला 'पुरे' कळवतं. मी तो निरोप महिनोन्महिने थांबवला. पित्त साचून घट्ट झालं. त्यात वजन झपाट्यानं उतरत होतं, अशा वेळी यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. खडे त्याचेच होतात. भरताच्या तेलानं बऱ्याच दिवसांनी निरोप दिला, पित्ताशय आवळलं आणि खडा मानेत बसला.

इथवर मी भांडते. पुढे मला भांडता येत नाही. तेलानं 'पुरे' असा निरोप जात असेल, तर शेवभाजीच्या तर्रीबरोबर आपण एक भाकरी जास्त का मोडतो? 2022 साली कोलंबिया विद्यापीठातल्या चार्ल्स झुकर यांच्या गटानं उंदरांवर दाखवलं की चरबीची ओढ आतड्यातूनही लागते. जिभेला चव कळत नसलेले उंदीरही चरबीकडेच वळले. ओढीचा तो निरोपही व्हेगसमधूनच जातो. म्हणजे 'पुरे' आणि 'अजून' एकाच वाटेनं. तेल बंद करणारी मी आज समोर असते तर म्हणाली असती, "बघ, म्हणूनच बंद केलं होतं." तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. शुगर तेव्हा खाली आली होती, हेही खरं आहे.

आता साठवायला जागा नाही, पित्त थेंब थेंब आतड्यात उतरत राहतं. एकदम खूप तेल पोटात गेलं तर मला त्रास होतो, आणि तो मी लपवते, कारण लगेच तुम्ही "सांगितलं होतं" म्हणता. म्हणून रोज 2 चमचे, दोन्ही जेवणांत वाटून. भरताच्या दिवशी 3.

खडे आधीपासूनच असतील का, हेही मी सर्जनना विचारलं होतं. आता सांगता येणार नाही, म्हणाले. तेल बंद करण्याआधीची सोनोग्राफी मी केलेलीच नव्हती.