आमची वाटचाल : बांधायची क्लिप अन् जोडायची क्लिप

दिग्रसच्या बसस्टँडजवळ सर्जिकलचं दुकान टाकलं त्याला आता चौदा वर्षं झाली. सुरुवातीला कापूस, गॉज, हातमोजे, सलाईनचे सेट एवढंच, मी अन् धाकटा भाऊ, एक जुनी स्प्लेंडर, आर्णी-दारव्हा-पुसद एवढाच एरिया.

मग मोठेबाबांच्या किडन्या गेल्या. शुगर जुनी होती. यवतमाळला त्यांच्या मनगटात फिस्टुला केला, म्हणजे धमनी शिरेला धाग्यानं शिवून जोडतात, मग त्या जोरानं दीड-दोन महिन्यांत शीर जाड होते अन् तिच्यात डायलिसिसच्या सुया घालता येतात. तिथं हात ठेवला की चालू चक्कीच्या भिंतीला हात लावल्यासारखं थरथरते. मोठेबाबा रोज उठल्या उठल्या मनगट कानाशी नेऊन ऐकत अन् मगच चहा घेत. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की आपण जो धागा खोक्यात भरून विकतो त्याच्यावर माणसाचा आठवडा चालून राहिला.

तिथल्याच ऑपरेशन करणाऱ्या सरांनी पुढं एका पेशंटच्या फिस्टुलासाठी क्लिप मागवली. आम्ही टायटॅनियमच्या क्लिपा एसटी पार्सलनं पाठवून दिल्या, खुशीत होतो. सकाळी फोन आला, "भाऊ, काय पाठवलं तुम्ही? ही तर नस बंद करायची क्लिप आहे, मला जोडायची पाहिजे होती." पेशंट टेबलवर. सरांनी 7-0 नंबरच्या बारीक धाग्यानं हातानं शिवलं, सगळं नीट झालं, पण चूक आमचीच होती. मी त्याच दिवशी यवतमाळ गाठलं, माफी मागितली अन् म्हटलं सर, मला शिकवा.

त्यांनी ओपीडी संपल्यावर सिलिकॉनच्या नळीवर दाखवलं. बांधायची क्लिप नस दाबून बंदच करते. जोडायच्या क्लिपचे दोन पाय आत वळलेले असतात, चिमट्यानं दोन्ही नसांच्या कडा बाहेर उलटवून धरायच्या अन् क्लिप त्या कडा बाहेरूनच चिमटते, आरपार जात नाही. सुई भिंतीला भोक पाडते अन् धागा रक्ताच्या वाटेत राहतो, इथं आत काहीच राहत नाही, अन् क्लिपा सुट्या-सुट्या असल्यानं शीर फुगली तरी जोड आवळत नाही. टाका घालायला जो वेळ लागतो त्याच्यापेक्षा कमी वेळात होते. पण टाक्याला कमी समजू नका म्हणाले, नसा शिवायच्या कामासाठी अ‍ॅलेक्सिस कॅरेल यांना 1912 मध्ये नोबेल मिळालं अन् आजही हात त्याच्यावरच तयार होतो.

अन् हे मी प्रत्येक डॉक्टरला स्वतःहून सांगतो, चुना साचून कडक झालेल्या धमनीची कड उलटत नाही, तिथं क्लिप धरत नाही. मोठेबाबांची तशीच होती, त्यांना क्लिप चालली नसती. विक्री गेली तरी चालते.

क्लिप धाग्यापेक्षा बरीच महाग, म्हणून आम्ही स्टॉक भरून ठेवत नाही, ऑर्डर आली की नागपूरहून मागवतो. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला तेवढाच आधार. रॅकवर आता बांधायच्या क्लिपांना लाल अन् जोडायच्यांना हिरवं स्टिकर, फोनवर भाऊ पहिलं हेच विचारतो, "सर, बांधायची का जोडायची?", अन् हिरव्या पार्सलमध्ये 7-0 च्या धाग्याची दोन पाकिटं टाकल्याशिवाय तो खोका बंद करत नाही.