नळीच्या कौलापासून वर: ताइहे सभागृहाच्या छपरावरचे दहा प्राणी, टप्पा ३

या छपरावरच्या आकृत्यांची छोटी प्रतिकृती मातीत करतो आहोत. सद्यस्थिती: रांगेतला पहिला स्वार आणि दहाही प्राणी पहिल्या भाजणीतून निघाले. सहांवर ग्लेझ (काचेसारखी झिलई) चढलं. आढ्याच्या टोकाचा मोठा प्राणी, चिवेन, अजून चामट (अर्धवट वाळलेल्या) अवस्थेत, प्लास्टिकखाली आहे.

बेइजिंगच्या निषिद्ध नगरीतलं ताइहे सभागृह आज दिसतं ते १६९५ च्या पुनर्बांधणीतलं. त्याच्या छपराच्या कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या धारेवर सगळ्यात पुढे पक्ष्यावर बसलेला स्वार असतो. त्याच्यामागे ड्रॅगन, फिनिक्स, सिंह, थिएनमा (पंखांचा घोडा), हायमा (समुद्री घोडा, बिनपंखांचा), स्वान्नी (सिंहासारखा), यायू (माशासारखा), एकशिंगी श्येझी, दोउन्यू (ड्रॅगनसारखा) आणि शेवटी माकडतोंड्या हांगशी. स्वार मोजणीत धरत नाहीत. एरवी संख्या विषम ठेवतात: छ्येनछिंग महालावर ९, खुननिंग महालावर ७. पूर्ण १० फक्त ताइहेवर. संख्या कमी करायची तर मागून गाळतात, म्हणजे ३ प्राण्यांच्या धारेवर ड्रॅगन, फिनिक्स, सिंह एवढेच. छोटी प्रतिकृती करताना आवडीचे पाच निवडून बसवू नका, ओळ चुकते. जुन्या याद्यांत चौथा-पाचवा आणि सहावा-सातवा यांची अदलाबदल सापडते, म्हणून हे चौघे चिकटवण्याआधी कोणत्या यादीप्रमाणे जायचं ते ठरवा.

आता मुख्य मुद्दा. हे प्राणी कौलावर नंतर बसवलेल्या मूर्ती नाहीत. धारेवरची कौलं उताराने घसरू नयेत म्हणून खिळे मारायचे आणि त्या खिळ्यांच्या तोंडातून पाणी खाली लाकडात जाऊ द्यायचं नाही, या गरजेतून ही आकृत्यांची रांग आली. म्हणून प्राणी आणि त्याखालचं नळीचं कौल एकाच तुकड्यात करायचं. आधी प्राणी घडवून मग कौलाला चिकटवला तर सांधा पायांपाशीच येतो आणि वाळताना तिथेच तडा जातो. शिवाय चिनी छपराचा उतार वळचणीकडे येताना सपाट होत जातो. त्यामुळे अकराही कौलांचा कोन वेगळा. पुठ्ठ्यातून धारेची वक्ररेषा कापून घ्या, प्रत्येक कौल ओलं असतानाच तिच्यावर ठेवून पाहा आणि तळाला क्रमांक कोरा. भाजल्यावर कोन बदलता येत नाही.

माती: गणपतीची शाडू वाळवून वापरायची, ती इथे नको. टेराकोटा मातीत वजनाने २० टक्के बारीक ग्रॉग (भाजून दळलेली माती) घातला. चाचणीपट्टीत वाळणं आणि भाजणं मिळून आकुंचन ११ टक्के निघालं. भाजलेला प्राणी ९ सेंमी हवा तर ओला १०.१ सेंमी करावा लागतो. तुमच्या मातीचा आकडा वेगळा येईल, १० सेंमीची पट्टी भाजून तो आधी काढा.

भरीव घडवायचं, चामट झालं की तारेने उभं दोन भागांत कापायचं, आतून कोरून भिंत ६ मिमी ठेवायची, कडांवर ओरखडे काढून घोळीव (पाण्यात कालवलेल्या पातळ) मातीने जोडायचं आणि तळाला ५ मिमीचं भोक सोडायचं. भोक राहिलं की आतली वाफ बाहेर पडते. श्येझीच्या शिंगात आणि ड्रॅगनच्या मिशांत तार घालण्याचा मोह टाळा: माती आकसते, तार आकसत नाही, आणि शिंग उभं चिरतं. शिंग अंगापेक्षा लवकर वाळतं, म्हणून त्याच्या टोकावर मेणाचा पातळ हात दिला. तडा थांबला.

सगळ्यात जास्त वेळ हांगशीने घेतला. माकडासारखं तोंड, पाठीवर पंख, हातात वज्र (भारतातून बौद्ध धर्माबरोबर गेलेलं तेच आयुध). त्याच्या नावाचा अर्थच ‘ओळीतला दहावा’. पंख पाठीपासून सुटे ठेवले की भाजताना टोकं खाली लवतात. पंखाची आतली कड खांद्याला ४ मिमी जोडलेली ठेवा आणि मधली पोकळी नुसत्या खोल खाचेने दाखवा. समोरून फरक कळत नाही.

वाळवणी दहा दिवस. भट्टी ९० अंशांवर तीन तास धरली, मग ६०० पर्यंत ताशी ६० अंश, शेवट १०४०.

रंगाबद्दल सविस्तर, कारण प्रतिकृती बहुतेक इथेच फसतात. बेइजिंगच्या पश्चिमेला ल्यूलीछ्यू गावात राजवाड्याची झिलईदार कौलं बनत. तिथली भाजलेली माती फिकी असते आणि वरची झिलई शिशाची, पिवळा रंग लोहाचा. शिसं विषारी, घरच्या भट्टीत ते नकोच. बिनशिशाच्या पारदर्शक ग्लेझमध्ये लोह ऑक्साइड ४ टक्के घातलं तर काकवीसारखा तपकिरी रंग येतो. नुसतं प्रासिओडिमियम पिवळं (ग्लेझमध्ये घालायचा तयार रंग) ६ टक्के घातलं तर लिंबासारखा थंड. १०० ग्रॅम कोरड्या ग्लेझला ५ ग्रॅम प्रासिओडिमियम रंग आणि १ ग्रॅम लोह ऑक्साइड या प्रमाणात हवी ती ऊबदार पिवळी छटा मिळाली. पण खाली लाल टेराकोटा उघडा असेल तर हे सगळं वाया. आधी पांढऱ्या मातीच्या घोळाचे दोन हात हवेत, तेही तुकडा चामट असतानाच. पूर्ण वाळल्यावर दिलेला घोळ पापुद्र्यासारखा सुटतो, कारण अंग आधीच आकसलेलं असतं आणि घोळ नंतर आकसतो. फिनिक्सच्या शेपटीवर तसंच झालं, तो तुकडा पुन्हा केला.

ग्लेझ खाचांत साठतं आणि उंचवट्यांवर पातळ होतं, त्यामुळे सिंहाच्या आयाळीची वळणं पहिल्या खेपेला बुजली. पुढच्या तुकड्यांत खाचा दीडपट खोल घेतल्या. ग्लेझआधी धूळ ओल्या स्पंजने पुसा, नाहीतर ते आक्रसून टक्कल पडतं. तळापासून ४ मिमी पट्टा मेणाने कोरा सोडा.

चिवेन: हा मुख्य आढ्याचं टोक तोंडात धरतो. ताइहेवरचा ३.४ मीटर उंच, १३ तुकड्यांचा, सुमारे ४.३ टन. १:२० मापाने भाजून १७ सेंमी, म्हणजे ओला १९.१. जबडा जाड आणि शेपटीची कड पातळ असल्याने एकसंध केला तर वाळताना वाकतो. म्हणून चार तुकडे. मुळातही सांधे दिसतात, त्यामुळे ते लपवायची गरज नाही. चारही तुकडे एकमेकांना लावून, मध्ये वर्तमानपत्र घालून, एकाच फळीवर वाळत ठेवलेत. वेगळे वाळवले तर कडा जुळत नाहीत. पाठीवरच्या तलवारीच्या मुठीसाठी खाच मात्र आताच कोरली, मुठीपेक्षा १.५ मिमी रुंद, कारण ग्लेझचे दोन थर तेवढी जागा खातात.