"केय" म्हटलं तरी तो शब्दच आहे

माझी मुलगी 2 वर्षं 2 महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट, पण अजून राग जात नाही. आम्ही जळगावला राहतो, मी आणि मिस्टर दोघं नोकरीला, दिवसभर ती सासूबाईंजवळ. सासूबाई अमळनेरकडच्या, अस्सल अहिराणी बोलतात. मी तिच्याशी मराठीत बोलते. शेजारची तिच्या वयाची पोरं पटापट बोलायची, ही मोजकंच, म्हणून स्पीच असेसमेंटला नेलं.

अडलं ते चित्रांच्या कार्डांवर. केळ्याचं कार्ड दाखवलं, ती लगेच म्हणाली "केय". मॅडमनी फुली मारली. डोळा दाखवला, "डोया". परत फुली. मी म्हटलं अहो अहिराणीत ळ चा य होतो, तिची आजी असंच बोलते, बरोबरच आहे तो शब्द. तर म्हणे उच्चार अस्पष्ट असंच लिहावं लागेल, फॉर्मवर भाषेचा रकाना एकच आहे. शेवटी 22 शब्द धरले आणि वर सल्ला, घरात एकच भाषा ठेवा, आजींना अहिराणी बोलू देऊ नका. सासूबाई तिथंच बसलेल्या. रिक्षात पोरगी "माय, माय" करत पदर ओढत होती तरी त्या घरी येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला फार लागलं.

मग दुसरीकडे दाखवलं. तिथल्या थेरपिस्टनी आधी विचारलं, दिवसभर कोण सांभाळतं, आणि आजींनाच आत बोलावलं. 2 वर्षांपर्यंत साधारण 50 शब्द आणि 2 शब्द जोडून बोलणं बघतात, पण ते दोन्ही भाषा मिळून, आणि दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं असं नसतं, हे त्यांनी नीट समजावलं. आठवडाभर आम्ही वहीत लिहून काढलं, 58 शब्द भरले, "माय बठ" (म्हणजे माय, बस) सुद्धा त्यात.

तुम्ही जाताना अशी वही न्याच, आजीशी बोलतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ पण न्या. कानाची तपासणी मात्र सगळ्याच्या आधी करा, आमची नॉर्मल आली. कानाच्या बेरा तपासणीला मूल झोपलेलं लागतं, येताना गाडीत झोपू देऊ नका नाहीतर तिथं टक्क जागं. खर्चाचं टेन्शन असेल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासणीला येते, त्यांना सांगा, ते पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, मोफत असतं.

आम्हाला 3 महिन्यांनी परत बोलावलंय. वही आता सासूबाईंच्या उशाशी असते, मी कामावरून आले की त्या दिवसाचे नवीन शब्द सांगतात आणि मी लिहून घेते.