तुम्ही विचारलंत म्हणून: जुलूस पुढे का ढकलला?

"एवढ्या सर्वधर्मीय बैठका घेता, त्यातून निघतं काय हो?" सुरावरूनच कळतं, विचारणाऱ्याला कुठलं उत्तर हवंय ते. निम्म्यांना 'चहा-बिस्किटं आणि फोटो' ऐकायचं असतं, उरलेल्यांना 'सगळे धर्म शेवटी एकच'. सगळे धर्म एकच असते तर बैठक कशाला लागली असती?

मुंबईची २०२३ ची ईद-ए-मिलाद, पैगंबर जयंती घ्या, म्हणजे नेमकं बोलता येईल. तिचा जुलूस, म्हणजे मिरवणूक, त्या वर्षी एक दिवस पुढे गेला. ईद हिजरी, म्हणजे मुस्लिम कालगणनेतल्या रबीउल अव्वल महिन्याच्या बारा तारखेला, अनंत चतुर्दशी भाद्रपद शुद्ध चौदाला. दोन्ही महिने चांद्र. हिजरी महिना चंद्रदर्शनावर, म्हणजे अमावास्येच्या एक-दोन दिवस नंतर सुरू होतो, त्यामुळे तिकडची बारावी तारीख इकडच्या तेरस-चौदसीवर येऊन बसते. रबीउल अव्वल भाद्रपदात आला की गाठ पडणारच. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतं. पंचांगही तितकंच मागे येतं, पण अधिक मास त्याला पुन्हा पुढे नेतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, पुढचा अधिक मास २०२६ चा ज्येष्ठ. म्हणून गाठ तीन वर्षं पडली: २०२३ ला २८ सप्टेंबर, दोन्ही एकाच दिवशी, २०२४ ला १६ आणि १७, २०२५ ला ५ आणि ६. त्याआधी २०१८ ते २०२० मोहरम गणेशोत्सवाच्या दिवसांत आला होता, तोही याच हिशेबाने. 'वातावरण अचानक तापलं' असं कुणी म्हणालं की मला त्याच्या हातात पंचांग द्यावंसं वाटतं.

तर २८ सप्टेंबर. लालबागच्या राजाची मिरवणूक भायखळा, नागपाडा, दोन टाकी असं करत गिरगावला जाते. जुलूस निघतो भायखळ्याच्या खिलाफत हाऊसमधून. तेच रस्ते, तीच दुपार. खिलाफत हाऊसमध्ये बैठक झाली आणि जुलूस २९ ला न्यायचं ठरलं. सरकारने २९ ची सुट्टी जाहीर केली. बातमीत हे दोन ओळींत संपलं, आणि लोकांना वाटलं, कुणीतरी मोठं मन दाखवलं. मन होतंच, पण काम झालं ते एका बारीक भेदामुळे. ईद हलली नाही. दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), नियाज (प्रसादाचं जेवण), सगळं त्याच तारखेला. हलला तो फक्त जुलूस, कारण जुलूस फर्ज, म्हणजे धर्माने बंधनकारक, नाही. विसर्जनाची तिथी तशी हलत नाही. आता हेच वाक्य, 'जुलूस काही फर्ज नाही', पोलीस ठाण्यात साहेबांनी उच्चारलं तर भांडण पेटेल. मौलाना म्हणाले की विषय संपतो. त्याच वर्षी २९ जूनला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकत्र आली, तेव्हाही राज्यात अनेक ठिकाणी कुर्बानी एक दिवस पुढे गेली. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते, हे सांगणारा आतलाच माणूस लागतो. श्रद्धेचा या कामात उपयोग काय, तर हा: नियम कुठे ताठ आहे आणि कुठे सैल, हे तिलाच ठाऊक असतं.

आता काय बिघडतं ते. बैठक आठ दिवस आधी बोलावली तर व्यर्थ. तोवर साऊंडवाल्याला बयाणा गेलेला असतो, नियाजच्या देगा ठरलेल्या असतात, माघार घेतली तर पैसे बुडतात. दीड महिना आधी बसा. मंडळाच्या अध्यक्षापेक्षा बयाणा देणारा पोरगा बोलवा. 'मशिदीसमोर वाद्यं हळू वाजवू' हा ठराव करू नका. 'हळू' म्हणजे किती, यावरच दगड उचलले जातात. ताशा कुठल्या खांबाशी थांबेल, कुठल्या खांबापुढे सुरू होईल, ते लिहा. मशिदीच्या फळ्यावरच्या जमातीच्या, म्हणजे एकत्र नमाजाच्या, वेळा उतरवून घ्या. मगरीबची, संध्याकाळची नमाज मात्र सूर्यास्तावर असते, सप्टेंबरअखेरीस साडेसहाच्या आसपास, ती रोज सरकते. आणि एक दिवसाचं अंतर पुरेसं धरू नका. २०२५ ला लालबागचा राजा ७ सप्टेंबरच्या रात्री विसर्जित झाला. मुंबईतला जुलूस ८ ला ठेवला होता म्हणून निभावलं. सुट्टी मात्र फक्त मुंबई शहर आणि उपनगरातच बदलली होती, बाकी जिल्ह्यांत ५ लाच होती. अशा वेळी मोबाइलवर फिरणारा अर्धवट निरोप कुठल्याही भाषणापेक्षा जास्त नुकसान करतो.

धर्मगुरूंना मध्ये घेतलं की त्यांचाच पगडा वाढतो, असं माझं पूर्वी ठाम मत होतं. भिवंडीत १९८८ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या त्या पुढाऱ्यांना टाळून, साध्या माणसांच्या. १९७० आणि १९८४ ला पेटलेलं ते गाव डिसेंबर १९९२ मध्ये शांत राहिलं. मग मौलाना-महाराज हवेत कशाला? ते मत चुकीचं होतं, असं आजही म्हणवत नाही. पण तारीख सरकवायची वेळ येते तेव्हा साध्या माणसाच्या शब्दाला ते वजन नसतं, हेही नाकारता येत नाही.

आणि तुमचा खरा प्रश्न, जो तुम्ही सहसा बैठक संपल्यावर जिन्यात विचारता: दरवेळी मुसलमानांनीच का सरकायचं? माझं ठरलेलं उत्तर, जुलूस सैल आहे, तिथी ताठ आहे. हिशेब बरोबर आहे. पण मिरवणूक किती तास चालवायची, कुठे किती वेळ रेंगाळायचं, हे कुठल्या शास्त्रात ताठ लिहिलंय? ते सैल करा, असं या, हिंदूंच्या बाजूच्या कुणी अधिकाराने म्हटलेलं मला फारसं ऐकू आलेलं नाही. तेव्हा सरकण्यात समजूत किती आणि भीती किती, हे मला वेगळं काढून दाखवता येत नाही.

२०२६ ला ईद-ए-मिलाद ऑगस्टअखेरीस आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, म्हणजे सुटलो असं वाटतं. पण त्याच सप्टेंबरच्या त्याच आठवड्यात ग्यारहवी शरीफ येते, सुफी संत अब्दुल कादिर जिलानी यांच्या स्मरणाचा दिवस, पुढच्या महिन्याची, रबीउल आखिरची अकरावी. नियाज बहुतेक घरोघरची, काही ठिकाणी मिरवणूकही. तुमच्या वस्तीत निघते का, आणि कुठल्या रस्त्याने?