पुण्यात जायचं तर पाइप लागतो

मराठी विकिपीडियावर लिंक द्यायची म्हणजे काय, शब्दाच्या आधी दोन चौकोनी कंस, नंतर दोन चौकोनी कंस, झालं. असं सांगणारे खूप भेटतात आणि ते काही खोटं बोलत नसतात, फक्त त्यांनी त्या कंसांत मराठी वाक्य बसवून बघितलेलं नसतं. [[पुणे]] लिहिलं की निळी लिंक येते हे खरंय, पण अख्ख्या लेखात 'पुणे' हा शब्द असा नुसता, सुटा, काहीही न चिकटलेला कितीदा येतो? पुण्यात येतो, पुण्याच्या येतो, पुण्याहून येतो. आणि [[पुण्यात]] असं लिहिलंत की ते लालभडक होऊन बसतं, म्हणजे या नावाचा लेखच नाही, कारण लेख आहे 'पुणे' या नावाने. मग [[पुणे|पुण्यात]] असं करायचं, म्हणजे आधी लेखाचं खरं नाव, मग एक उभी रेघ जिला सगळे पाइप म्हणतात, आणि मग वाक्यात आपल्याला जे दिसायला हवंय ते.

मी रिकाम्या वेळात तिथे नवीन लोकांसाठी मदतीची पानं लिहिते, असलेली दुरुस्त करते. यात नाव बिव काही होत नाही. राजकारण्यांच्या आणि जातींच्या लेखांवर हात मारायला माणसं टपलेली असतात, 'लिंक कशी द्यावी' या पानाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच आवडतं.

तर या लिंकांच्या नादात मला महाराष्ट्रातल्या गावांचे दोन गट दिसायला लागलेत. सगळ्यात गुणी गावं म्हणजे ईकारान्त. मुंबई, सांगली, परभणी, रत्नागिरी. यांना पाइप लागत नाही. मीडियाविकी, म्हणजे विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते, त्यात एक सोय आहे की बंद कंसाला जागा न सोडता चिकटून जी अक्षरं येतात ती पण लिंकमध्ये ओढून घेतली जातात. [[सांगली]]त, [[परभणी]]ला, [[मुंबई]]हून, असं लिहा, सगळा शब्द निळा. ही सोय मुळात इंग्रजीतल्या अनेकवचनाच्या एस साठी, पण मराठीच्या सेटिंगमध्ये कोणीतरी अख्खी देवनागरी घालून ठेवलीय, मात्रांसकट. ज्याने घातली त्याचं भलं होवो. [[कराड]]ात असं लिहिलं तरी पानावर 'कराडात' व्यवस्थित दिसतं, फक्त लिहिताना तो काना कंसाच्या बाहेर ठिपक्यांच्या गोलावर लटकलेला दिसतो आणि नवीन माणूस घाबरून खोडून टाकतो.

दुसरा गट रूप बदलणाऱ्यांचा. पुणे, ठाणे, धुळे, सातारा. आणि मधेच ते सगळे पूरवाले, सोलापूर, कोल्हापूर, नागपूर, हे अर्धे साधे अर्धे बिलंदर, कारण [[सोलापूर]]ला चालतं पण सोलापुरात म्हटलं की पू चा पु होतो आणि आलाच पाइप. शाळेत सामान्यरूप शिकवताना बाई घसा कोरडा करत होत्या तेव्हा आम्ही खिडकीबाहेर बघत होतो, आता एक मशीन तेच शिकवतंय, लाल रंग दाखवून.

कोणी म्हणेल की मग 'पुण्यात' वरून 'पुणे' वर पुनर्निर्देशन, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या लेखाकडे आपोआप नेणारं पान, करून टाका ना, एकदाच. करा. मग पुण्याला, पुण्याचा, पुण्याची, पुण्यातून, पुण्यापासून, पुण्यासाठी, पुण्यापेक्षा करा. मग ठाणं घ्या.

इंग्रजीत हा त्रास नाहीये आणि म्हणूनच इंग्रजीतलं मदतपान मराठीत आणून काम भागत नाही. मीडियाविकीच्या साइटवर मदतपानांचा एक छान संच आहे, मुद्दाम सार्वजनिक अधिकारात ठेवलेला, म्हणजे कोणीही उचलावा आणि आपल्या विकीवर नेऊन ठेवावा, श्रेय पण द्यायला नको. दिलदार काम आहे. पण त्यात चिकटणाऱ्या अक्षरांचं उदाहरण म्हणजे 'हेल्प' या शब्दाला पुढे एस लावा, आयएनजी लावा, ईआरएस लावा. शब्द जागचा हलत नाही, शेपूट तेवढी बदलते. तिथे पाइप हा जास्तीचा प्रकार म्हणून खाली येतो. मराठीत पाइप पहिल्या परिच्छेदात यायला पाहिजे, कारण ज्याला पाइप येत नाही त्याला मराठी विकीवर एक धड वाक्य लिंक करता येत नाही, आणि हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी भाषांतराच्या उत्साहात तो परिच्छेद परत खाली नेतं.

तरी आपण थोडक्यात वाचलो म्हणायचं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला तेव्हा कंस बिंस नव्हतेच, दोन शब्द जोडून लिहायचे आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं, की लिंक आपोआप तयार. जानेवारी २००१ मध्ये इंग्रजी विकिपीडिया आला तोही आधी याच पद्धतीने. आता आपल्या लिपीत कॅपिटल आणायचं कुठून? नशीब की दुहेरी कंसाची पद्धत त्याच वर्षी आली आणि १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर मराठी विकिपीडिया सुरू झाला तोवर ती चांगली रुळली होती.

रुळली म्हणजे कीबोर्डवर नाही हां. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा तो प्रमाणित कीबोर्ड, वापरणाऱ्यांना विचारा. उघडणाऱ्या चौकोनी कंसाच्या जागी तिथे ड आहे, बंद कंसाच्या जागी नुक्ता, आणि पाइपच्या जागी ऑ. म्हणजे भाषा न बदलता लिंक द्यायला गेलात तर 'डडपुणे' असं काहीतरी निघतं. म्हणून मग इंग्रजी, कंस कंस, मराठी, पुणे, इंग्रजी, पाइप, मराठी, पुण्यात, इंग्रजी, कंस कंस. एका लिंकसाठी एवढी ये-जा. मोबाइलवर तर पाइप चिन्हांच्या दुसऱ्या पानावर लपलेला असतो, बरेच जण त्याऐवजी दंड (।) टाकतात, दिसायला तसाच, उपयोग शून्य. व्हिज्युअल एडिटरमध्ये, म्हणजे जिथे कंस न दिसता पान जसं दिसतं तसंच संपादता येतं तिथे, 'पुण्यात' सिलेक्ट करून कंट्रोल आणि के दाबलं की शोधाची चौकट उघडते, त्यात 'पुण्यात' खोडून 'पुणे' टाकायचं, पाइप तो आपला आपण घालतो. माझ्या मते नवीन माणसाला हेच आधी शिकवावं, जुने लोक याला नाक मुरडतात, मुरडोत.

२७ फेब्रुवारी जवळ आली की कॉलेजांमधून विकिपीडियाच्या कार्यशाळा निघतात, मराठी भाषा गौरव दिन ना. पोरं हुशार असतात, आपापल्या गावाचा लेख काढतात. पहिलं वाक्य ठरलेलं, अमुक हे सातारा जिल्ह्यातील एक गाव आहे. आणि लगेच 'सातारा जिल्ह्यातील' भोवती कंस. "मॅडम, हे लाल का झालं?" मी वळून उत्तर देईपर्यंत त्याने त्या लालवर क्लिक केलेलं असतं, समोर कोरं पान उघडलेलं असतं, आणि कोरं पान दिसलं की लिहायचं एवढं त्याला मघाशीच शिकवलेलं असतं. दोन मिनिटांत 'सातारा जिल्ह्यातील' नावाचा लेख तयार. त्याची चूक नाहीच, लाल लिंक म्हणजे 'हा लेख अजून नाही, तुम्ही लिहा' असंच आम्ही सांगतो.

बाहेरच्या साइटची लिंक हा आणखी वेगळा कारभार. तिथे कंस एकेकच आणि पत्ता नि नाव यांच्यामध्ये पाइप नाही, नुसती मोकळी जागा. पाइप टाकलात तर तो पत्त्याचाच भाग होतो आणि लिंक कुठेच जात नाही. आत्ता कुठे पाइप शिकलेल्या माणसाला हे सांगायला जीवावर येतं.

आणि हे सगळं लिहायचं कसं, तेही एक आहेच. लिंकचं उदाहरण मदतपानात लिहिलं की त्याची लिंक होऊन जाते, कंस गायब. कंस दाखवायचे तर दोन्ही बाजूंना नोविकीचा टॅग घालावा लागतो, मग आत काहीही लिहा, तसंच्या तसं दिसतं. पण पुढे कोणीतरी पान नीटनेटकं करायला येतं, हे टॅग कशाला म्हणून काढून टाकतं, आणि पानावर वाक्य उरतं, "लिंक देण्यासाठी पुणे असे लिहा." वाचणारा पुणे असे लिहितो. काय चुकलं त्याचं?

स्क्रीनशॉट मी आता घालतच नाही. पूर्वी बटणावर 'जतन करा' असायचं, २०१७ च्या सुमारास 'प्रकाशित करा' झालं, कारण जतन म्हटलं की लोकांना वाटायचं आपल्यापुरतं सेव्ह होतंय, जगाला दिसत नाहीये. बदल चांगलाच आहे, पण त्या एका बटणापायी किती मदतपानांतली चित्रं शिळी झाली. 'वरच्या बाजूला उजवीकडे' असंही लिहीत नाही, स्किन, म्हणजे साइटचं रूप, बदललं की उजवीकडचं डावीकडे जातं. बटणाचं नाव लिहायचं आणि थांबायचं.

सगळ्यात छळलं असेल तर कऱ्हा नदीने. सासवडच्या लेखात [[कऱ्हा नदी|कऱ्हेच्या]] काठी असं लिहायचं, पाइप बरोबर, नाव बरोबर, तरी लाल. कारण हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप करता येतो, एकात मूळ अक्षरच वेगळं असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे, मशीनला दोन वेगळ्या नद्या. इथे मात्र पुनर्निर्देशनाला पर्याय नाही, आणि हे मदतपानात समजावून सांगताना दोन सारखेच दिसणारे शब्द शेजारी शेजारी ठेवून 'यातला फरक पाहा' असं लिहावं लागतं.

एवढं करून तयार झालेल्या पानाची लिंक कोणाला पाठवावी तर ती टक्क्याटक्क्यांची माळ होऊन जाते. देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात नऊ नऊ अक्षरं खातं, म्हणजे नुसतं 'पुणे' छत्तीस अक्षरांचं. मावशीला पाठवली तर तिचा फोन आला, "अगं हे काय पाठवलंयस, दाबलं तर पैसे जातील का?"

मदतपानात उदाहरण म्हणून पुणे मी घातलं होतं कारण रूप ठसठशीत बदलतं. आठवड्याच्या आत कोणीतरी ते काढून कोल्हापूर केलं, बदलाच्या सारांशात लिहिलं 'सुधारणा'. मग त्याचं नागपूर झालं. मग कोणीतरी सगळं उलटवून पुणे परत आणलं, त्यावर चर्चापानावर पुण्यालाच का नेहमी असा विषय निघाला आणि तो पाइपपासून निघून पाण्याच्या वाटपापर्यंत गेला. शेवटी मी धुळे टाकलंय. धुळे, धुळ्यात, रूप तितकंच बदलतं, आणि अजून तरी कोणी हरकत घेतलेली नाही.