आतड्याच्या अस्तरातील लेक्टिने

गेल्या महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारात मावशीकडे गेले, तेव्हा तिच्या फडताळातील कडधान्यांचे डबे रिकामे दिसले. मूग, मटकी, वाल, राजमा, सगळेच तिने बंद केले होते, कारण मोबाइलवर आलेल्या एका चित्रफितीत 'लेक्टिन आतड्याला भोके पाडते' असे तिने ऐकले होते. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, ती पूर्ण शाकाहारी आहे, आणि कडधान्ये गेली म्हणजे तिच्या ताटातील प्रथिनांचा मोठा वाटा गेला. आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवत आलेल्या मला ते डबे पाहून फार वाईट वाटले. त्या दिवशी तिला जे सांगितले, तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

विशिष्ट शर्करेला ओळखून तिला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला लेक्टिन म्हणतात. या प्रथिनांच्या अभ्यासाची सुरुवात एरंडापासून झाली, ही गोष्ट गुजरातेत एरंडाची शेते पाहत वाढलेल्या मला विशेष जवळची वाटते. 1888 मध्ये हेरमान श्टिलमार्क यांनी आजच्या एस्टोनियातील तार्तू येथे एरंडाच्या बियांमधील विषारी प्रथिनाचा अभ्यास केला, तेव्हा त्या प्रथिनामुळे रक्तपेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, असे त्यांना आढळले. 'लेक्टिन' हे नाव मात्र बरेच नंतरचे आहे. 1954 मध्ये विल्यम बॉइड यांनी 'निवडणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून ते दिले.

मावशीची भीती अगदीच निराधार नव्हती. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिन आतड्याच्या पेशींवरील शर्करांना चिकटते आणि त्यामुळे काही तासांतच उलट्या व जुलाब होऊ शकतात. पण राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळला की हे लेक्टिन जवळजवळ नष्ट होते, आणि कुकरमधील तापमान तर उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त असते. उकळी न येऊ देता मंद आचेवर शिजत ठेवणे तेवढे टाळावे.

मला खरे सांगायचे होते ते यापुढचे. ज्या प्रथिनांना शत्रू ठरवले गेले, त्याच प्रकारची प्रथिने आपले आतडे स्वतः तयार करते, आणि त्यांच्यावाचून आतड्याचे अस्तर सुरक्षित राहू शकत नाही. या अस्तरात पेशींचा एकच थर असतो. त्याच्या एका बाजूला कोट्यवधी जिवाणू असतात आणि दुसऱ्या बाजूला आपले रक्त. सगळ्याच जिवाणूंना मारून टाकणे हा येथे उपाय नाही, कारण त्यांतील बहुतेक आपल्या उपयोगाचे आहेत. त्यांना अंतरावर ठेवणे हे खरे काम आहे. 2011 मध्ये लोरा हूपर यांच्या गटाने उंदरांच्या लहान आतड्यात रेग-थ्री-गॅमा नावाच्या लेक्टिनाचे हे कार्य दाखवले. या प्रथिनामुळे जिवाणू आणि पेशीस्तर यांच्यामध्ये सुमारे 50 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, इतकी जागा मोकळी राहते. ते प्रथिन नसलेल्या उंदरांमध्ये ग्राम-पॉझिटिव्ह, म्हणजे जाड भित्तिकेचे, जिवाणू थेट अस्तराला येऊन भिडले.

माणसात हेच काम करणारे लेक्टिन जिवाणूच्या भित्तिकेतील पेप्टिडोग्लायकनच्या शर्करासाखळीला धरते, आणि मग त्याचे सहा रेणू एकत्र येऊन जिवाणूच्या पटलात छिद्र तयार करतात. एखादे हत्यार म्यानात ठेवावे तसा या प्रथिनाच्या टोकाला एक छोटा तुकडा असतो. प्रथिन पेशीबाहेर आतड्याच्या पोकळीत आल्यावर ट्रिप्सिन हे पाचक विकर तो कापते, आणि तेव्हाच ते जिवाणूंना मारण्यास समर्थ होते. ज्या पेशीने ते घडवले तिला इजा होऊ नये, ही काळजी रचनेतच घेतलेली आहे. इतकी वर्षे शिकवूनही या जागेपाशी आले की मी थांबतेच.

मोठ्या आतड्यात पद्धत वेगळी आहे. तेथे झेडजी-16 हे लेक्टिन ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूंना न मारता त्यांचे पुंजके करते, त्यामुळे त्यांना अस्तरावरील बुळबुळीत श्लेष्म्याच्या आतल्या थरात सहज शिरता येत नाही. इंटेलेक्टिन-1 हे तिसरे. ते अनेक जिवाणूंवरील विशिष्ट शर्करांना धरते, पण मानवी पेशींवरील शर्करांना धरत नाही. हा आप-परभाव लॉरा कीसलिंग यांच्या गटाने 2015 मध्ये उलगडला.

गॅलेक्टिने हा लेक्टिनांचाच एक गट मात्र दोन्हीकडे, म्हणजे आपल्या पेशींवर आणि जिवाणूंवरही, काम करतो. गॅलेक्टिन-4 हे अस्तराच्या पेशींवरील शर्करायुक्त मेदरेणूंना एकत्र बांधून त्या पटलाला स्थैर्य देते, आणि जिवाणूंविरुद्धही तेच उपयोगी पडते. काही ई. कोलाय जिवाणूंच्या पृष्ठभागावर बी रक्तगटासारखीच शर्करा असते. बी रक्तगटाच्या व्यक्तीचे शरीर त्या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे बनवत नाही, कारण ती त्याची स्वतःचीच खूण असते. म्हणजे असा जिवाणू आपल्याच माणसाच्या वेषात आत येतो. गॅलेक्टिन-4 आणि गॅलेक्टिन-8 नेमक्या त्याच शर्करेला धरून असे जिवाणू मारतात, असे 2010 मध्ये प्रयोगातून दिसून आले. मावशीचा रक्तगट बी आहे, म्हणून हे उदाहरण मी तिच्यासाठी शेवटी राखून ठेवले होते. ती त्याविषयी बराच वेळ विचारत राहिली, आणि बोलता बोलता दुसऱ्या दिवशीचे वाल भिजत घालायची वेळ झाली.