मॅडमच्या हाताचा गुण

"सर, लिंक नाही." पतसंस्थेच्या शाखा मुख्य सर्व्हरला जोडून ठेवायचं काम माझं, त्यामुळे माझी सकाळ याच वाक्याने उजाडते. बहुतेक वेळा सिमच्या राउटरची पिन निघालेली असते, नाहीतर रिचार्ज संपलेला. पण जुलैतल्या त्या सोमवारी फोन आला तो पाटण तालुक्यातल्या शाखेतून, आणि ही शाखा मला कधी फोनच करत नाही. चौदा महिन्यांत तिथली लिंक एकदाही रुसली नव्हती. संचालक मंडळापुढे मी तिचाच तक्ता मिरवला होता.

तिथल्या कॅशियर मॅडम लेकीच्या बाळंतपणाला ठाण्याला गेल्या होत्या. त्यांच्या जागी कराडहून एक नवा मुलगा पाठवला होता. शाखाधिकारी हसत म्हणाले, "मॅडमच्या हाताला गुण आहे बघा. त्या गेल्या नि लिंक गेली." मीही हसलो.

आमच्या सगळ्या शाखा वायरगार्डवर आहेत, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हरपर्यंत सुरक्षित खासगी वाट, टनेल, काढून देणाऱ्या व्हीपीएन सॉफ्टवेअरवर. २०२० साली ते लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आलं, तेव्हा मी आधीच्या ओपनव्हीपीएनला रामराम ठोकला. सर्टिफिकेटांच्या मुदती सांभाळता सांभाळता मेटाकुटीला आलो होतो. वायरगार्डची शाखेकडची फाइल जेमतेम दहा-बारा ओळींची, पण त्या ओळींपायी माझ्या रात्री गेल्यात. सिमवर शाखेला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, म्हणून दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट सोडत राहायचं, नाहीतर मधल्या मध्ये वाट बुजते. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४२० बाइटवरून १२८० वर आणला, कारण पावती सुटायची पण महिन्याचा अहवाल निम्म्यात अडकायचा. शिवाय शाखेच्या मशीनची सगळी ये-जा टनेलमधूनच. टनेल पडलं की बाहेरचं इंटरनेटही बंद, आणि ते बंद-चालू करायचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनला. या बंदोबस्ताचा मला भारी अभिमान. सोमवारी कळलं की कुलूप लावताना मी स्वतःच बाहेर राहिलोय. दुरून मशीन हाताळायचं एनीडेस्कसुद्धा लागेना.

सर्व्हरवर येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा टीसीपीडम्प लावला. शाखेकडून दर पाच सेकंदांनी १४८ बाइटचं पॅकेट येत होतं. म्हणजे राउटर ठीक, सिम ठीक, पोर्ट ५१८२० उघडं. हे दार ठोठावणं. यावर सर्व्हरने ९२ बाइटचं उत्तर द्यायचं की हँडशेक, म्हणजे दोघांची ओळख पटून लिंक सुरू, झाला. सर्व्हर ढिम्म. वायरगार्डचा हा स्वभावच आहे, जे पॅकेट पटत नाही त्याला ते नकारही कळवत नाही. एरवी मी याच स्वभावाचं कौतुक करतो. कर्नलचे डीबग संदेश चालू केले तर एवढंच, की हँडशेक ग्राह्य नाही. का नाही, ते नाही.

शाखेची ओळख पटवणाऱ्या सांकेतिक किल्लीत गडबड असेल म्हणून सर्व्हरवरून त्या शाखेची नोंद काढली आणि तीच किल्ली पुन्हा टाकली. क्षणात लिंक आली. शाखाधिकाऱ्यांना म्हटलं, "बघा, आमच्याही हाताला गुण आहे." चालतंय म्हटल्यावर त्या मशीनमध्ये डोकावून बघायचं मला सुचलं नाही. तेव्हाच डोकावलो असतो तर पुढचे चार दिवस वाचले असते.

मंगळवारी सकाळी पुन्हा तेच. नोंद काढा, टाका, लिंक हजर. बुधवारी तेच. पिग्मी एजंट खोळंबलेले, एका म्हाताऱ्या खातेदाराला दोन हजारांसाठी तासभर बाकावर बसवलेलं. गुरुवारी मी हे काम रोज साडेनऊला आपोआप व्हावं म्हणून सर्व्हरवर क्रॉन लिहायला बसलो. पंधरा वर्षं या धंद्यात काढलेला माणूस! अर्धा लिहून झाल्यावर लाज वाटली आणि शुक्रवारी पावसात गाडी काढली.

शाखा उघडायच्या आधी पोचलो. शिपाईमामांनी मेन स्विच वर केला. शॉर्टसर्किटच्या भीतीने रोज संध्याकाळी तो पाडूनच जातात. मुलाने मशीन चालू केलं. काळा पडदा, वर पांढऱ्या अक्षरांत सीमॉस चेकसमची, म्हणजे मशीनने जपलेली मूळ सेटिंग बिघडल्याची, तक्रार. मी वाचतोय तोवर त्याने एफ वन दाबलं.

"हे काय होतं?"

"रोज येतं सर. एफ वन दाबलं की जातं."

विंडोज उघडलं. कोपऱ्यात तारीख, १ जानेवारी २००९.

मग सगळं एका दमात उलगडलं. ठोठावणाऱ्या त्या पहिल्या पॅकेटमध्ये शाखेच्या मशीनच्या घड्याळातली वेळ सांकेतिक करून पाठवलेली असते. सर्व्हर प्रत्येक शाखेची शेवटची वेळ लक्षात ठेवतो, आणि तिच्या मागची वेळ आली की पॅकेट टाकून देतो. न जाणो, कुणी जुनं पॅकेट पकडून पुन्हा सोडलं असेल. नोंद काढली की ही आठवणही पुसली जाते, म्हणून माझा उपाय चालायचा. रात्री मेन बंद, घड्याळ चालतं ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल मेलेला, सकाळी घड्याळ पुन्हा २००९ च्या पहिल्या मिनिटाला. आमचं सॉफ्टवेअर तारीख सर्व्हरवरून घेतं, त्यामुळे पावत्यांवर काही दिसायचं कारणच नव्हतं.

मग चौदा महिने कसं चाललं? टेबलाच्या काचेखाली, गणपतीच्या फोटोशेजारी, एक पुठ्ठ्याचा तुकडा होता. निळ्या शाईत नेटकं अक्षर: "डिलीट. तारीख-वेळ. एफ टेन. वाय."

"हे वाचलं नाहीस?"

"ते मॅडमचं आहे ना," मुलगा म्हणाला.

ठाण्याला फोन लावला. मागे बाळ रडत होतं. "हो हो सर, मागे एक हार्डवेअरवाले आले होते, ते म्हणाले रोज तारीख टाकत जा. मी हातातलं घड्याळ बघून टाकते. चुकीची होती का?" सेल बदलण्याऐवजी तारीख टाकायला शिकवणारा तो इसम दर तिमाहीला मशीन उत्तम असल्याची सही करून बिल घेतो. त्या बिलांवर मंजुरीची सही माझी असते.

सीआर २०३२ सेल बाजारातल्या घड्याळवाल्याकडे मिळाला, चाळीस रुपयांना. बसवायला पाच मिनिटं. बाकीच्या शाखांत कुणाच्या काचेखाली काय लिहून ठेवलंय ते मी अजून पाहिलेलं नाही. तक्ता मात्र फाइलमधून काढून ठेवलाय.

तीन आठवड्यांनी मॅडम कामावर रुजू झाल्या. पहिल्याच सकाळी दहाला पाच कमी असताना त्यांचा फोन. "सर, आज ते काळं पान आलंच नाही. मशीन बिघडलं की काय?"